छत्र्या खर्चात, चारा नफ्यात

अन्याय आमच्या गायीवर झाला. दुष्काळाच्या सालात, मार्चच्या शेवटच्या शनिवारी, भर दुपारी, गावच्या दूध संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. चेअरमनने "मंजूर?" असं विचारलं आणि मागच्या ओळीने "मंजूर" म्हटलं, त्या दोन शब्दांच्या मध्ये जेवढी फट असते तेवढ्यात झाला. गाय त्या वेळी घरी उभी राहून उसाचं वाढं चघळत होती, तिला काही कळलं नाही. शेडमधल्या निम्म्या माणसांनाही कळलं नाही, पण त्यांना निदान नंतर भजी मिळाली.

पत्रकाची पहिली ओळ अशीच लिहायची असते, असं मला शिकवलंय. अन्याय कुणावर झाला आणि कधी झाला, ते आधी. विशेषणं मागून, जागा उरली तर. मी पहिलं पत्रक लिहिलं ते आमच्या वस्तीवरच्या हातपंपासाठी. मग केजच्या कॉलेजात गेले आणि एसटीचा पास, वसतिगृहातली डाळ, टँकरची पाळी असं जे समोर येईल त्यावर लिहीत सुटले. छत्रीवर कधी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. छत्रीवर कोण चिडतं?

माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. काम असलं तर मजुरी, नसलं तर नाही. घरात नेमाने येणारा पैसा एकच, तो गायीचा. काळीपांढरी संकरित गाय, चारचौघींत उठून दिसणारी आणि ते तिला माहीत असलेली. सकाळ-संध्याकाळ माय किटली घेऊन संस्थेत जायची, दूध मापात ओतायची, फॅट लागायची, आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार व्हायचा. माझं जीपचं भाडं आणि माझी पत्रकं त्याच पगारातून निघायची. म्हणजे माझ्या क्रांतीची खरी देणगीदार गायच होती. त्या साली ती गाभण होती. पावसाळ्याच्या तोंडावर व्यायची होती. तोवर तिला जगवायचं, एवढं एकच काम आमच्या घरापुढे होतं.

आता थोडं कराबद्दल. पान उलटू नका, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

पूर्वी आमच्या संस्थेचं दूध तालुक्याच्या संघाला जायचं. गावची संस्था संघाला दूध घालते तोवर त्या नफ्याला आयकर माफ असतो. पण संघाचा पगार लांबायला लागला. लोक कुरकुरले, तेव्हा चेअरमनने दूध एका खासगी डेअरीला जोडलं. यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण डेअरीचा पगार वेळेवर यायचा. फक्त संघ सुटला तशी माफीही सुटली. तेव्हापासून आमच्या संस्थेला एक आजार जडला. वर्षभर ती धडधाकट असायची आणि मार्च लागला की तिला कापरं भरायचं. एकतीस मार्चला जो नफा दिसेल त्यावर कर.

केजला एक कर सल्लागार आहेत. त्यांना सगळा तालुका टॅक्सवाले साहेब म्हणतो. त्यांनी औषध सांगितलं होतं की नफा दिसूच द्यायचा नाही. वर्षाच्या शेवटी उरेल ते सभासदांना भेट म्हणून वाटून टाकायचं. वाटलं की तो खर्च झाला, खर्च झाला की नफा राहिला नाही, नफा नाही तर कर कशावर लावणार?

त्यामुळे आमच्या गावात वर्षं ओळखायची एक वेगळीच रीत पडली. स्टीलच्या डब्याचं साल, खुर्चीचं साल, घड्याळाचं साल. कुणाचं लग्न कधी झालं विचारलं तर म्हातारी सांगायची, डब्याच्या साली ठरलं आन् खुर्चीच्या साली झालं. घड्याळाच्या मधोमध चेअरमनचा फोटो होता. दुपारी बाराला दोन्ही काटे त्याच्या कपाळावर उभे राहायचे आणि साडेसहाला मिशीतून खाली लोंबायचे. घराघरात चेअरमन टिकटिक करत होते आणि संस्थेच्या पेटीत दर एक एप्रिलला शिलकीच्या नावाने शुकशुकाट. लोकांना वाटायचं, संस्था लई चांगली चाललीय. बघा की, दरसाल काहीतरी देते.

त्या मार्चला छत्र्या ठरल्या.

विहिरी तळाला गेल्या होत्या. आभाळात ढग म्हणून औषधाला नव्हता. अशा वेळी छत्रीच कुणाला का सुचली, याचा उलगडा मला आजवर झाला नाही. सभेत चेअरमनने विषय मांडला आणि माय उठली.

ती सभेत कधी उठायची नाही. बायका डाव्या अंगाला सतरंजीवर बसायच्या आणि पुरुषांचं बोलणं संपलं की उठून घरी जायच्या. पण माझी मावशी गेवराईकडे दिलेली आहे, गोदावरीच्या काठाला. मायने तिथे मुरघास बघितला होता. हिरवी मका कुट्टी करून खड्ड्यात दाबायची, वरून प्लास्टिकने हवाबंद करायची, की महिनोन् महिने जनावरांना ओली वैरण. मायचं म्हणणं साधं होतं. यंदा छत्र्या नकोत. त्याच पैशात गेवराईकडची उभी मका घ्या, इथे संस्थेच्या जागेत खड्डा करा, आणि उन्हाळाभर सगळ्यांना मापून वैरण द्या. गायी जगल्या तर दूध येईल आणि दूध आलं तर संस्था चालेल. डाव्या अंगाच्या सगळ्या बायकांनी माना हलवल्या. उजव्या अंगालाही दोन-तीन फेटे हलले.

चेअरमन काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने तिथल्या तिथे टॅक्सवाल्या साहेबांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा समोर धरला. साहेब कुठेतरी जेवत होते. घास गिळत त्यांनी सांगितलं की खड्डा पक्का बांधला तर त्याचा खर्च एका वर्षात धरता येत नाही, दरसाल थोडा थोडा धरावा लागतो. आणि एकतीस मार्चला खड्ड्यात जी वैरण असेल ती शिल्लक माल. शिल्लक माल खर्चात जात नाही, तेवढा नफाच दिसतो.

"आन् छत्री, साहेब?"

"छत्री वाटली की संपली."

चेअरमनने फोन खिशात ठेवला आणि मायकडे वळून अगदी समजुतीने म्हणाला, "ऐकलं ना अक्का? चारा ठिवला तर नफा. छत्री वाटली तर खर्च. मी काय करू, कायदाच तसा हाय."

मागून एकजण शेजारच्याला म्हणाला, "मंग उद्यापून म्हशीला छत्रीच टाक बे खायला." शेड हसलं. मी मागे दारात उभी होते, मला राहवलं नाही. कर लागतो म्हणजे सगळेच पैसे जातात का, लागला तर कितीसा लागेल, ते तरी साहेबांना विचारा, असं मी ओरडून सांगितलं. त्यावर मला सांगण्यात आलं की पोरी, तू सभासद न्हाईस. हे खरंच होतं. गाय मायच्या नावावर होती. मग ते दोन शब्द झाले, आणि भजी आली.

सोमवारी छत्र्या आल्या. काळ्या, लांब दांड्याच्या, काठावर पांढऱ्या अक्षरांत संस्थेचं नाव आणि त्याखाली, थोड्या मोठ्या अक्षरांत, चेअरमनचं. एप्रिलात आमच्या गावाइतक्या छत्र्या साऱ्या मराठवाड्यात कुठे उघडल्या नसतील. टँकरच्या पाळीला घागरींच्या बरोबरीने छत्र्यांची रांग लागायची. एका घरी कोंबड्या झाकायला वापरली, दुसऱ्या घरी बकरीने दांड्याची दोरी खाल्ली, आणि एका लग्नात नवरदेवाला उन्हातून मांडवात आणलं ते चेअरमनच्या नावाखालून. एवढ्या छत्र्या बघूनही आभाळाला लाज वाटली नाही.

कडब्याच्या पेंढीचा भाव मात्र हाताबाहेर गेला. कारखान्यांचं गाळप लवकर आटोपलं होतं, त्यामुळे वाढं मिळायचं बंद झालं. जनावरांसाठी सरकारी चारा छावणी उघडणार असं रोज ऐकू यायचं. ती कुणाच्या तरी भाषणात उघडायची आणि भाषणासोबत मिटायची. माय बांधाबांधाने हिंडून वाळलेलं गवत, लिंबाचा पाला, मिळेल ते आणायची. गाय पाला हुंगायची आणि मान वर करून मायच्या डोळ्यांत बघत राहायची. आधी दूध निम्म्यावर आलं. मग माय दूध काढेना, पोटातल्याला राहू दे म्हणाली.

सगळ्या गावाचं असंच. संस्थेतले कॅन अर्धे भरायला लागले. डेअरीचा टेम्पोवाला आधी म्हणाला, एवढ्याशा दुधाला डिझेल परवडत न्हाई, मी एकच खेप करीन. मग एक दिवस आड यायला लागला. उन्हाळ्यात एक दिवस आड म्हणजे दूध नासणार. मग ज्यांच्याकडे थोडं दूध होतं त्यांनीही संस्थेत घालायचं सोडलं आणि केजच्या हॉटेलांना परस्पर दिलं. फॅट काढायच्या यंत्रावर धूळ बसली. कर वाचवून वाचवून आमची संस्था इतकी सडपातळ झाली होती की पहिल्या दुष्काळातच आडवी झाली.

तेव्हा मला खोडी सुचली. खरं तर मला मोर्चा सुचला होता, पण मोर्च्याला बायका तयार होईनात. ऊन लई हाय म्हणाल्या. मग मी म्हटलं, छत्र्या हायेत की. यावर त्या अशा हसल्या की जीप ठरवायलाच लागली.

टॅक्सवाल्या साहेबांचं कार्यालय केजला एका मेडिकलच्या वर आहे. जिना अरुंद, खोली लहान. आत दोन व्यापारी कागद घेऊन बसले होते. आम्ही जीपभर बायका आत शिरलो, मिळेल तिथे बसलो आणि सगळ्यांनी छत्र्या उघडल्या. खोलीत हवा राहिली नाही. पंख्याचा वारा सगळा छत्र्यांच्या पोटात. एका व्यापाऱ्याची टोपी दांड्यात अडकली. साहेब आधी दचकले, मग चिडले, आणि मायला म्हणाले, बाई, आधी छत्र्या मिटा.

माय म्हणाली, "तुमच्याच हायेत सायेब. खर्चात पडल्यात. आता आमाला न्हाई मिटता येत."

साहेबांनी काठावरची पांढरी अक्षरं वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता ते पोलिसांना फोन लावतील, आणि मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळाही करून ठेवला होता. पण ते हसायला लागले. व्यापाऱ्यांना त्यांनी उद्या या म्हणून वाटेला लावलं आणि आमच्यासाठी खालून पाणी मागवलं. तो मथळा वाया गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मी त्यांना जे काय सुनवायचं ते सुनवलं. तुम्ही आमच्या गायी मारल्या, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, चेअरमननं मला विचारलं, कर कसा वाचेल. मी सांगितलं. संस्था कशी वाचेल, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही."

"मंग आता आमी इचारतो," माय म्हणाली.

तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तीन गोष्टी सांगितल्या. म्हणाले, पहिली गोष्ट, कर भरला असता तरी फार तर तिसरा हिस्सा गेला असता. दोन हिस्से संस्थेकडेच राहिले असते. म्हणजे आम्ही भाकरीतला एक तुकडा सरकारला द्यावा लागेल म्हणून सगळी भाकरी उंबऱ्याबाहेर फेकत होतो, आणि ती फेकली म्हणून दरसाल भजी खात होतो. दुसरी गोष्ट, भेटच द्यायची तर वैरणीची द्यायची. मुरघास भरलेल्या मोठ्या पिशव्या मिळतात, त्या मार्चच्या आत सभासदांच्या हवाली केल्या की तो संस्थेचा शिल्लक माल राहत नाही, सभासदाचा होतो. मग ती पिशवी त्याने घरी ठेवावी, नाहीतर सगळ्यांनी मिळून एका शेडमध्ये. छत्रीसारखीच ती खर्चात पडते, फक्त गायीला खाता येते. आणि तिसरी गोष्ट, वर्ष एप्रिलला नवं लागतं. आज वैरण घेतली तर पुढच्या मार्चपर्यंत जनावरं ती खाऊन रिकामी होणार. शिल्लक उरतेच कुठे? तर आत्ताच घ्या, थांबू नका.

साहेबांना कळेना, एवढा सोपा मार्ग सांगितला तर सगळ्या बायकांची तोंडं का उतरली. शेवटी आमच्या शेजारची काकी म्हणाली, "कशानं घ्यावं सायेब? आता छत्र्याच हायेत."

त्यांनी तरीही चेअरमनला फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा समोर धरला. चेअरमनने तेच सांगितलं. पेटीत काही नाही, राखीव निधी बँकेत आहे पण त्याला हात लावायचा तर वरची परवानगी लागते, आणि ती येईस्तोवर जनावर राहतंय होय? त्याच्या आवाजात मला पहिल्यांदा काळजी ऐकू आली. त्याच्याही दोन म्हशी होत्या.

पुढच्या बाजाराला मायने गाय नेली. मीही गेलते. बाजारात त्या दिवशी घेणाऱ्यापेक्षा विकणारे जास्त. जो तो दुसऱ्याच्या जनावराच्या बरगड्या बघून आपल्याला धीर देत होता. घेणारा नदीकडच्या भागातला होता, त्याच्याकडे वैरण होती. त्याने गायीच्या पोटाला हात लावून बघितला, दात बघितले, आणि आम्ही मागू त्याच्या किती खाली द्यायचं ते त्याला आधीच माहीत होतं. मायने घासाघीस केली नाही. पाणी पाजून ने, एवढंच सांगितलं.

येताना जीपमध्ये ती गायीचं रिकामं दावं मांडीवर घेऊन बसली होती. गाव दिसायला लागल्यावर म्हणाली, "तुझ्या पत्रकात लिव. कर वाचला म्हनावं."

मी लिहिलं. गावात वाटलंही. चेअरमनने ते वाचलं आणि मला सांगितलं की मिशीचं काय ते तू उगीच लिहिलंस, बाकी खरं हाय.

पाऊस पडला तशी संस्था पुन्हा उभी राहिली. ज्यांच्या विहिरीला थोडंफार पाणी होतं, ज्यांच्या घरी मागला कडबा होता, त्यांची जनावरं जगली, आणि त्यांचं दूध सुरू झालं. टेम्पो रोज यायला लागला. मग एक दिवस संस्थेचा शिपाई नियम सांगून गेला. ठरल्याएवढं दूध वर्षात घातलं नाही तर सभासद क्रियाशील राहत नाही, आणि क्रियाशील नसलेल्याला सभेत मत नाही. माय, शेजारची काकी आणि जीपमध्ये आलेल्या बहुतेक बायका या नियमात सापडल्या. गाय गेली म्हणून दूध नाही, दूध नाही म्हणून मत नाही, आणि मत नाही म्हणून पुढल्या मार्चला वैरण मागायची सोय नाही. माय चेअरमनच्या दारात गेली तर तो खरंच ओशाळला. म्हणाला, अक्का, हा नियम मी केला न्हाई. हेही खरंच होतं. आमच्याकडे कुठलाच नियम कुणी केलेला नसतो.

मायला कालवड घ्यायची आहे. बचत गटातून सोय होते आहे. पण ती अडून बसलीय. वैरणीची तजवीज झाल्याशिवाय मी दुसरं जनावर दारात बांधणार न्हाई, त्या डोळ्यांत पुन्यांदा बघणार न्हाई, म्हणते. आणि तजवीज व्हायची ती मार्चच्या सभेत, जिथे तिला मत नाही. यंदा कुकर ठरतोय असं ऐकते. पाच लिटरचा.

कायदा करणारे कधी हे वाचतील असं मला वाटत नाही, तरी सांगते. दुष्काळी तालुक्यात जी संस्था चारा साठवते तिला माफी द्या, साठवलेली वैरण नफ्यात धरू नका. आणि ज्याचं नाव छत्रीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असेल त्याच्याकडून पाहिजे तेवढा कर घ्या.

पण त्यांची वाट बघण्यात अर्थ नाही. तुमची वाट बघते. तुम्ही हे वाचताय आणि तुमचं दूध कुठल्या तरी संस्थेला जातंय, किंवा ऊस कुठल्या तरी कारखान्याला, म्हणजे तुमच्याकडे मत आहे. माझ्या मायकडे नाही. या मार्चला सभेत जा. भेटवस्तूचा विषय निघायच्या आत उभे राहा आणि ठराव मांडा, की जो कर होतो तो भरा, आणि उरलेल्या पैशाची वैरण घ्या. लोक हसले तर हसू द्या. ठराव पडला तरी तो कुणी मांडला आणि कुणी पाडला, हे सचिवाला इतिवृत्तात तुमच्यासमोर लिहायला लावा, आणि ते लिहून झाल्याशिवाय तुम्ही खाली बसू नका.